एंडोस्कोपीने गाठ निघाली, मग पुन्हा ऑपरेशन कशाला? जठराचा सुरुवातीचा कॅन्सर आणि त्यानंतरचा निर्णय

जठराच्या कॅन्सरची गाठ एंडोस्कोपीतून काढली, पेशंट चार-पाच दिवसांत घरी आला, जेवायला लागला. आणि दोन-तीन आठवड्यांनी डॉक्टर म्हणतात, आता जठराचं ऑपरेशन करावं लागेल. घरात पहिला प्रश्न हाच निघतो : "अब्बांची गाठ पूर्ण निघाली असं तुम्हीच सांगितलं होतं ना? मग आता पोट उघडायचं कशासाठी?" कोणी म्हणतं हॉस्पिटलला बिल वाढवायचंय, कोणी म्हणतं पहिल्या डॉक्टरचंच काम बिघडलं. बहुतेक वेळा या दोन्ही गोष्टी खऱ्या नसतात. गाठ खरोखरच पूर्ण निघालेली असते, तरीही ऑपरेशनचा सल्ला बरोबर असू शकतो. आणि काही वेळा ऑपरेशन न करणंही तेवढंच बरोबर असतं. हे कशावरून ठरतं, ते समजून घेतलं तर निर्णय भीतीपोटी किंवा संशयापोटी होत नाही.

दोन वेगळ्या दुर्बिणी

आधी एक घोळ दूर करू. आपल्याकडे दोन वेगळ्या गोष्टींना एकच शब्द आहे. तोंडातून नळी घालून जठर आतून बघतात ती एंडोस्कोपी, तिलाही लोक 'दुर्बीण' म्हणतात. आणि पोटावर लहान छिद्रं पाडून, कॅमेरा आत घालून करतात ती लॅप्रोस्कोपी, तिलाही 'दुर्बिणीचं ऑपरेशन'च म्हणतात. गोंदियाच्या खेड्यापाड्यांत तर 'दुर्बिणीचं ऑपरेशन' म्हटलं की बायकांना कुटुंब नियोजनाचा कॅम्प आठवतो. त्यामुळे "दुर्बिणीने झालं" आणि "आता दुर्बिणीने करायचं" ही दोन वाक्यं ऐकून घरच्यांना वाटतं की तेच काम दुसऱ्यांदा करायला सांगतायत. तसं नाही. पहिली दुर्बीण जठराच्या आतल्या बाजूने काम करते. दुसरी बाहेरून, पोटाच्या पोकळीतून. पहिलीला जे दिसत नाही आणि जिथे तिचा हात पोचत नाही, त्यासाठी दुसरी लागते.

'सुरुवातीचा' म्हणजे नेमका कुठवरचा?

जठराची भिंत थरांची असते. सर्वांत आत पातळ अस्तर, ज्याला म्युकोसा म्हणतात. त्याच्याखाली सबम्युकोसा, मग स्नायूंचा थर आणि शेवटी बाहेरचं आवरण. कॅन्सर पहिल्या दोन थरांतच असेल तर त्याला सुरुवातीचा कॅन्सर म्हणतात. ही व्याख्या जपानी डॉक्टरांनी १९६२ साली ठरवली आणि आजही जगभर तीच चालते. तिच्यात एक मेख आहे. ती फक्त खोलीबद्दल बोलते, लिम्फ नोडबद्दल नाही. म्हणजे कॅन्सर 'सुरुवातीचा' असूनही जठराजवळच्या लिम्फ नोडमध्ये, लसिका ग्रंथींमध्ये, त्याच्या पेशी जाऊन बसलेल्या असू शकतात. सगळा प्रश्न इथूनच सुरू होतो.

अस्तरापुरताच कॅन्सर असेल तर असं क्वचितच घडतं. सबम्युकोसात मात्र लसिकावाहिन्यांचं आणि रक्तवाहिन्यांचं दाट जाळं असतं. कॅन्सर तिथे जितका खोल उतरेल, तितकी पेशी वाहून जाण्याची शक्यता वाढते. हिशेब अर्ध्या मिलिमीटरचा असतो. सबम्युकोसात ५०० मायक्रॉनपेक्षा, म्हणजे अर्ध्या मिलिमीटरपेक्षा कमी उतरला असेल तर एक गट, जास्त उतरला असेल तर दुसरा.

ईएसडी म्हणजे काय करतात

एंडोस्कोपीतून गाठ काढायच्या पद्धतीला ईएसडी म्हणतात. १९९० च्या दशकात जपानमध्ये ही पद्धत विकसित झाली. गाठीभोवती खुणा करतात, तिच्याखाली द्रव टोचून अस्तर फुगवतात, मग बारीक विद्युत-सुरीने कडेने कापून सबम्युकोसाच्या थरातून पूर्ण तुकडा एकसंध सोलून काढतात. पोटावर एकही टाका नाही. रक्तस्राव आणि भिंतीला भोक पडणं हे दोन धोके आहेत, पण जाणत्या हातांत ते बहुतेकदा एंडोस्कोपीतूनच आवरता येतात. आत जी जखम होते ती अल्सरसारखी असते आणि ॲसिड कमी करणाऱ्या गोळ्यांवर साधारण दोन महिन्यांत भरते.

जपान आणि दक्षिण कोरियात हे रोजचं काम आहे, कारण तिथे तक्रार नसलेल्या लोकांचीही ठराविक वयानंतर तपासणी होते. आपल्याकडे तशी मोहीम नाही. बहुतेक पेशंट उलट्या, काळी शौच, वजन घटणं, रक्त कमी होणं अशा तक्रारी वाढल्यावरच येतात आणि तोवर ईएसडीची वेळ निघून गेलेली असते. गॅसची गोळी घेऊन महिनोन् महिने काढणं ही आपल्या भागातली सवय. त्या गोळीने कॅन्सरचा अल्सरसुद्धा काही काळ भरल्यासारखा दिसतो, आराम पडतो, आणि तपासणी पुढे ढकलली जाते. चाळिशी-पन्नाशीनंतर नव्याने सुरू झालेलं पित्त गोळीवर चालवत ठेवू नये, एकदा एंडोस्कोपी करून घ्यावी.

खरा निर्णय रिपोर्टमध्ये असतो

काढलेला तुकडा पसरून टाचण्यांनी बोर्डावर लावतात, फॉर्मॅलिनमध्ये ठेवतात, मग त्याचे दोन-दोन मिलिमीटरचे काप करून पॅथॉलॉजिस्ट सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. ईएसडीच्या दिवशी डॉक्टर "पूर्ण निघाली" म्हणतात ते डोळ्यांनी बघून. ती खरोखर किती खोल होती, हे या रिपोर्टशिवाय कोणालाच कळत नाही. म्हणून ईएसडी हा इलाज आहे, तसाच तो सर्वांत अचूक तपासही आहे. दोन-तीन आठवड्यांनी डॉक्टरांचं बोलणं बदललं तर ते त्यांनी शब्द फिरवला म्हणून नव्हे. रिपोर्ट आल्यावर त्यांना नवं काही कळलं, एवढाच त्याचा अर्थ.

हा रिपोर्ट हातात आला की सहा गोष्टी विचाराव्यात. गाठ किती मिलिमीटरची होती? पेशी कोणत्या प्रकारच्या, ग्रंथींचा आकार टिकवून असलेल्या की विस्कळीत? खोली किती? तुकड्याच्या कडा आणि तळ स्वच्छ आहेत का? लसिकावाहिनीत किंवा शिरेत पेशी शिरलेल्या दिसल्या का? आणि गाठीत अल्सर होता का? सगळी उत्तरं ठीक असतील तर इलाज तिथेच पूर्ण झाला, पुढे फक्त एंडोस्कोपीची नियमित तपासणी. नुसत्या बाजूच्या कडेला थोडं राहिलं असेल आणि बाकी सगळं ठीक असेल, तर बऱ्याचदा पुन्हा एंडोस्कोपीनेच भागतं. पण खोली जास्त, तळाशी पेशी, किंवा वाहिन्यांत पेशी असं काही असेल, तर ऑपरेशनचा विषय निघतो.

धोका किती, हे आकड्यांत

"धोका आहे" एवढ्यावर कोणी जठर काढू देणार नाही, आणि देऊही नये. किती धोका, हे विचारलं पाहिजे. २०१७ मध्ये जपानी डॉक्टरांनी यासाठी गुण मोजायची एक सोपी पद्धत मांडली, तिचं नाव ई-क्युरा. ज्यांची ईएसडी रिपोर्टनुसार पुरेशी ठरली नाही, अशांसाठीच ती आहे. लसिकावाहिनीत पेशी दिसल्या तर ३ गुण. गाठ ३० मिलिमीटरपेक्षा मोठी, खोली अर्ध्या मिलिमीटरपेक्षा जास्त, शिरेत पेशी, तळाची कड अस्वच्छ : यांतल्या प्रत्येकाला १ गुण. एकूण सात.

बेरीज ० किंवा १ आली तर लिम्फ नोडमध्ये कॅन्सर सापडण्याचं प्रमाण सुमारे २.५ टक्के. २ ते ४ गुणांना ६.७ टक्के. ५ ते ७ गुणांना २२.७ टक्के. समजा गाठ २० मिलिमीटरची आहे, फक्त खोली जास्त निघाली, बाकी सगळं स्वच्छ : गुण १. तीच गाठ ३५ मिलिमीटरची आणि लसिकावाहिनीत पेशी असतील तर गुण ५. दोघांनाही "ऑपरेशन करून घ्या" असंच सांगितलं जाऊ शकतं, पण दोघांच्या धोक्यात जवळपास नऊपट फरक आहे. आपला आकडा कोणता, हे विचारायला लाजू नये.

याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. ५ गुण असलेल्या शंभर जणांचं ऑपरेशन केलं तर पंचाहत्तरहून अधिक जणांच्या लिम्फ नोडमध्ये काहीच सापडत नाही. काढलेल्या जठरातही बहुतेक वेळा फक्त ईएसडीची जखम असते. मग नातेवाइकांना वाटतं, फुकट ऑपरेशन केलं. पण उरलेल्या बावीस-तेवीस जणांमध्ये आपण आहोत की नाही, हे आधी सांगणारी तपासणी आज नाही. सीटी स्कॅनमध्ये सुजलेला नोड दिसतो, त्यात लपलेल्या मूठभर पेशी दिसत नाहीत. आणि वाट बघून कॅन्सर लिम्फ नोडमध्ये किंवा यकृतात उगवला, तर तेव्हाचा इलाज बहुधा रोग मुळातून काढणारा नसतो. आज पेशंटला बरं वाटतंय, हा पुरावा नव्हे. सुरुवातीच्या कॅन्सरमध्ये पेशंटला आधीही बरंच वाटत असतं.

ऑपरेशनमध्ये काय होतं

लॅप्रोस्कोपी महाराष्ट्राला नवी नाही. डॉ. तेहमटन उडवाडिया यांनी मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात १९९० साली भारतातलं पहिलं लॅप्रोस्कोपीचं पित्ताशयाचं ऑपरेशन केलं, तेही एका सरकारी दवाखान्यात, गरीब पेशंटवर. पुढच्याच वर्षी जपानमध्ये डॉ. सेइगो कितानो यांनी त्याच पद्धतीने जठराच्या कॅन्सरचं ऑपरेशन केलं. जपानचे बेसबॉलचे महान खेळाडू सादाहारू ओ यांचं जठर २००६ साली, वयाच्या ६६ व्या वर्षी, लॅप्रोस्कोपीने पूर्ण काढलं गेलं. त्यांच्या बाबतीत ईएसडीचा प्रश्न नव्हता, पण ते पुन्हा संघाचे व्यवस्थापक म्हणून मैदानावर परतले. जठराशिवाय माणूस जगतो का, असं विचारणाऱ्यांसाठी हे उदाहरण पुरेसं आहे.

पूर्ण भूल देतात. पोटात कार्बन डायऑक्साइड वायू भरून जागा करतात. साधारण पाच छिद्रं, पाच ते बारा मिलिमीटरची. गाठ जठराच्या खालच्या भागात होती तर खालचा सुमारे दोन-तृतीयांश भाग काढतात, वरच्या भागात होती तर वरचा भाग किंवा पूर्ण जठर. सोबत जठराला लागून असलेले आणि त्याच्या रक्तवाहिन्यांच्या मुळाशी असलेले लिम्फ नोड काढतात. हेच या ऑपरेशनचं मुख्य काम. मग उरलेलं जठर किंवा अन्ननलिका आतड्याला जोडतात, आणि काढलेला भाग नाभीजवळच्या चार-पाच सेंटिमीटरच्या कापातून बाहेर घेतात.

ईएसडीनंतरच्या ऑपरेशनची एक खास अडचण असते. गाठ तर आधीच गेलेली, आणि जखमेचा वण बाहेरून ना दिसतो ना हाताला लागतो. मग कुठून कापायचं? म्हणून आधी एंडोस्कोपीतून क्लिप लावतात किंवा शाई टोचून खूण करतात, नाहीतर ऑपरेशन चालू असतानाच एंडोस्कोपी करून जागा दाखवतात. ईएसडीच्या जागी सूज किंवा चिकटलेपणा असेल तर सर्जनला वेळ जास्त लागू शकतो. म्हणून काही आठवडे जाऊ देतात. एवढ्या उशिराने घाबरायचं कारण नाही, मात्र "बघू ईदनंतर, बघू धान कापणीनंतर" करत वर्ष घालवणं वेगळं.

उघडं ऑपरेशन जास्त पक्कं, अशी समजूत अजून आहे. दक्षिण कोरियात १,४०० हून अधिक पेशंटवर झालेल्या क्लास-०१ या मोठ्या अभ्यासात पहिल्या टप्प्याच्या कॅन्सरसाठी दोन्ही पद्धतींची तुलना झाली. पाच वर्षांनी जिवंत असलेल्यांचं प्रमाण लॅप्रोस्कोपीत ९४.२ टक्के, उघड्या ऑपरेशनमध्ये ९३.३ टक्के, म्हणजे सारखंच. ऑपरेशननंतरचे त्रास मात्र १३ टक्के विरुद्ध सुमारे २० टक्के. पण त्या अभ्यासातल्या प्रत्येक सर्जनने आधी दोन्ही प्रकारची किमान ५०-५० ऑपरेशनं केलेली होती. तेव्हा मशीन कोणतं यापेक्षा हात कोणाचा हे महत्त्वाचं. "साहेब, जठराची अशी ऑपरेशनं वर्षाला किती करता?" हा प्रश्न अदबीने विचारला तर कोणताही चांगला सर्जन रागावत नाही. रोबोटने करून देतो म्हणणारे आता नागपुरातही भेटतात. रोबोट वाईट नाही, पण त्यासाठी शेत विकायची गरज नाही.

धोके आहेतच. जोड गळणं, रक्तस्राव, स्वादुपिंडाला इजा, फुप्फुसात संसर्ग. कधी कधी छिद्रातून सुरू केलेलं ऑपरेशन मध्येच पोट उघडून पूर्ण करावं लागतं, त्याला सर्जनचं अपयश समजू नये.

ज्यांनी थांबलं तर चालतं

ऐंशीच्या आसपासचं वय, कमजोर हृदय, किडनीचा आजार, आणि ई-क्युराचे गुण ० किंवा १. अशा माणसाला ऑपरेशनचाच धोका कॅन्सरच्या धोक्यापेक्षा मोठा असू शकतो. पुढे ऑपरेशन न केलेल्यांचा पाठपुरावा झाला तेव्हा कमी गुणांच्या गटात पाच वर्षांत जठराच्या कॅन्सरने मृत्यू जवळपास नव्हतेच. मधल्या गटात ते सुमारे ४ टक्के, वरच्या गटात सुमारे १० टक्के होते. थांबायचं ठरवलं तर दर सहा महिने ते वर्षाला एंडोस्कोपी आणि सीटी करावीच लागते. हे फुकटचं स्वातंत्र्य नव्हे. जो पेशंट तपासणीला येणारच नाही हे घरच्यांना माहीत आहे, त्याच्यासाठी थांबणं हा पर्याय कागदावरच राहतो.

नंतरचं खाणं, आणि रमजान

जठर लहान झालं की एका वेळचं जेवण लहान होतं. दिवसाला पाच-सहा वेळा थोडं थोडं, नीट चावून. वजन घटतं, सुरुवातीचे काही महिने हे अपेक्षित असतं. गोड किंवा पातळ पदार्थ भराभर आतड्यात उतरले की छातीत धडधड, घाम, चक्कर, जुलाब होतात. याला डम्पिंग म्हणतात. पूर्ण जठर काढलेल्यांना बी-१२ जीवनसत्त्व कायम बाहेरून घ्यावं लागतं, बहुधा इंजेक्शनने. लोह आणि हिमोग्लोबिनही तपासत राहावं लागतं.

आपल्या घरांतला प्रश्न रमजानचा. दिवसभर उपाशी आणि इफ्तारला खजूर, सरबत, फळं, भजी एकदम : डम्पिंगसाठी याहून सोयीची वेळ नाही. शिवाय दिवसात सहा वेळा खाण्याचं गणित रोज्यात बसत नाही. सूरह बकरामध्ये (आयत १८४-१८५) आजारी माणसाला रोजे पुढे करण्याची सवलत स्पष्ट आहे, आणि ज्याला ते पुढेही शक्य नाही त्याच्यासाठी फिदयाचा मार्ग उलमांनी सांगितलेला आहे. डॉक्टरांचं मत आधी घ्यावं, मग ते घेऊन आपल्या आलिमांकडे जावं. उलट क्रमाने गेलं की पेशंट संकोचाने रोजे धरतो आणि ईदच्या आधी ॲडमिट होतो. काही पेशंटना सजद्यात वाकलं की आंबट पाणी घशात येतं. जेवणानंतर लगेच नमाज न पढता थोडा वेळ जाऊ देणं, किंवा काही आठवडे खुर्चीवर बसून पढणं, यात अडचण नाही.

एक तपासणी बऱ्याचदा राहून जाते. हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जठरातला जीवाणू बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांनी शोधला, त्यासाठी त्यांना २००५ चं नोबेल मिळालं. जठराच्या कॅन्सरचं हे मोठं कारण. ईएसडी झालेल्यांमध्ये हा जीवाणू औषधाने घालवला तर उरलेल्या जठरात नवी गाठ होण्याचं प्रमाण सुमारे एक-तृतीयांशावर आलं, असं २००८ च्या जपानी अभ्यासात दिसलं. औषधांचा कोर्स दोन आठवड्यांचा आहे. जठर शिल्लक असलेल्या प्रत्येकाने हे विचारून घ्यावं. बिडी-सिगारेटही याच वेळी सुटली पाहिजे. बिडीचा धंदा आपल्याच जिल्ह्यात मोठा, म्हणून हे सांगणं जड जातं. खर्रा तोंडाच्या कॅन्सरसाठी कुप्रसिद्ध आहेच.

गोंदियातून जायचं कुठे

गोंदियात २०१६ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे आणि केटीएस रुग्णालय त्याला जोडलेलं आहे. पोटाची तक्रार दाखवण्याची, रक्त तपासण्याची, पुढे पाठवण्याचं पत्र घेण्याची सुरुवात तिथून करता येते. देवरी, सालेकसा, अर्जुनी मोरगावच्या माणसाला तेवढं अंतरसुद्धा कमी नसतं. कॅन्सरच्या इलाजासाठी मात्र सुमारे १३० किलोमीटरवरचं नागपूर : राष्ट्रसंत तुकडोजी प्रादेशिक कर्करोग रुग्णालय, जामठ्याचं नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूट, मिहानमधलं एम्स, मेडिकलचं सुपर स्पेशालिटी. मुंबईच्या टाटा मेमोरियलला जायचं तर विदर्भ एक्सप्रेस गोंदियातूनच सुटते. ईएसडी प्रत्येक ठिकाणी होत नाही, जाण्याआधी चौकशी करावी. ईएसडी एका शहरात आणि ऑपरेशन दुसऱ्या शहरात होणार असेल, तर फक्त डिस्चार्ज कार्ड पुरत नाही. पूर्ण हिस्टोपॅथॉलॉजी रिपोर्ट, एंडोस्कोपीचे फोटो आणि पॅथॉलॉजीच्या काचा व ब्लॉक मागून घ्यावेत. दुसऱ्या हॉस्पिटलचा पॅथॉलॉजिस्ट त्याच काचा पुन्हा बघतो, आणि खोलीचा किंवा वाहिन्यांचा अंदाज कधी कधी बदलतो. तो बदलला तर गुण बदलतात आणि गुणांबरोबर सल्लाही.

खर्चासाठी महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजना आणि आयुष्मान भारत यांतून वर्षाला कुटुंबामागे ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे. रेशनकार्ड आणि आधार घेऊन योजनेतल्या हॉस्पिटलच्या आरोग्यमित्राकडे ॲडमिट व्हायच्या आधी जावं, कारण मंजुरी ऑपरेशनच्या आधी लागते, नंतर नाही. आपलं ऑपरेशन त्या हॉस्पिटलच्या यादीत बसतं का, हेही त्यालाच विचारावं. रेल्वेत कॅन्सर पेशंटला इलाजाच्या प्रवासासाठी स्लीपर आणि थ्री-टायर एसीत पूर्ण सवलत आहे, सोबतच्या एका माणसाला त्याच डब्यांत ७५ टक्के. त्यासाठी हॉस्पिटलचं ठराविक नमुन्यातलं प्रमाणपत्र लागतं. ते पहिल्याच भेटीत मागून घ्यावं, म्हणजे रिपोर्ट आणायच्या फेरीलाही उपयोगी पडतं.